शिक्षक टिकवा मोहीम

३ जुलै
विज्ञानाच्या बाईंनी राजीनामा दिला. कारण ‘वैयक्तिक’. म्हणजे शाळेचा दोष नाही, हे लेखी मिळालं. वर्षातला हा चौथा. चौघांचंही कारण वैयक्तिक. योगायोग.

५ जुलै
मुख्याध्यापकाने हातावर हात ठेवून बसायचं नसतं. आजपासून ‘शिक्षक टिकवा’ मोहीम. रोज शाळा सुटल्यावर दीड तास मीटिंग. विषय: शिक्षकांवरचा कामाचा ताण.

८ जुलै
बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म वाटला. नाव लिहू नका, मनमोकळं लिहा, असं बजावलं. अक्षरावरून सगळे ओळखले. भूमितीच्या सरांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘मीटिंगा बंद करा’ म्हणजे नक्की काय म्हणायचंय? ते म्हणाले, तेच म्हणायचंय. माणूस हुशार, पण मुद्दा मांडता येत नाही.

११ जुलै
भूमितीच्या सरांचाही राजीनामा. त्यांचे तास इतिहासाच्या बाईंना दिले. त्या म्हणाल्या, मला भूमिती येत नाही. म्हटलं, शिकवता शिकवता येईल. धीर द्यायला मी आहेच.

१४ जुलै
बायकोला मोहिमेचा अहवाल वाचून दाखवला. तीही माझ्याच शाळेत सहा वर्षं भाषा शिकवायची. तू का सोडलीस, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. भाजी निवडता निवडता म्हणाली, “घरी निभावतं हो. शाळेतही तुम्हीच, हे नाही जमलं.”
संसाराची ओढ. दुसरं काय.

१६ जुलै
इतिहासाच्या बाई आजारी. नववी ब वर स्वतः गेलो. अठरा वर्षांनी हातात खडू. काढलेल्या त्रिकोणाला चार कोपरे आले. वर्ग हसला. घसा बसला. घड्याळ पाहिलं, तास सुरू होऊन आठ मिनिटं झाली होती.

२१ जुलै
सलग पाच दिवस नववी ब. प्रकृतीसाठी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. स्टाफरूममध्ये सांगितलं. चित्रकलेच्या सरांनी हळूच विचारलं, नक्की ना? फार हळवा माणूस.

४ नोव्हेंबर
निवृत्तीचा तिसरा दिवस. शिपाईमामांचा फोन. विज्ञानाच्या बाई आणि भूमितीचे सर, दोघंही परत रुजू झाले. मोहिमेला फळ आलं, जरा उशिरा.

७ नोव्हेंबर
बायकोही शाळेत निघाली. भाषेच्या तासांना कुणी नाही म्हणे. विचारलं, आता अचानक? दारातूनच म्हणाली, “तुम्ही दिवसभर घरी असता ना, म्हणून.”
खरंय. घर सांभाळायला भरवशाचं माणूस असलं, की बाईमाणसाला निर्धास्त बाहेर पडता येतं.