सवतीचा घास

३ डिसेंबर १९५८, बुधवार. चिखलदरा

पोचलो एकदाचे! परतवाड्याहून ट्रकमध्ये पोत्यांना धरून उभ्यानं आलो. घाटात मला तीनदा उलटी झाली. मुकादमानं खोली दाखवली — खोली कसली, कुडाच्या चार भिंती अन् वर पत्रा. थंडी अशी की बोटं वाकत नाहीत. आजवर कापूस वेचला, आता याच बोटांनी कॉफीची फळं तोडायची. कॉफी जन्मात कधी प्यायले नाही ती गोष्ट वेगळी.

हे म्हणाले, "दोन महिने काढू. मंग अकोल्याले जाऊ, तिथं कापसाच्या जिनात काम भेटते." घरी परतायचं नाव नाही. मलाही नको आहे.

संध्याकाळी भाकर केली. पहिला घास काढून चुलीपाशी ठेवला. वाटलं होतं, एवढ्या उंच डोंगरावर ती येणार नाही. पण घास काढल्याशिवाय माझ्याच्यानं जेववेना.

७ डिसेंबर, रविवार

सुटी. हे लाकडं आणायला गेलेत.

ही वही बाबांची. शाळेत शिपाई आहेत ते. पोरांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून लग्नात दिली. बाकीच्यांनी भांडी दिली, ती सासूबाईंकडे राहिली. यांना वाचता येत नाही, ते एक बरं आहे.

तर लिहूनच टाकते. मी यांची दुसरी. पहिली जमुना, चार वर्षांपूर्वी पूर्णेच्या पुरात गेली. प्रेत सापडलं नाही. कणकेचा पुतळा करून जाळला, दिवस घातले. मग दोन वर्षांनी मी आले. बोहल्यावर चढायच्या आधी सासूबाईंनी तिचा टाक माझ्या गळ्यात बांधला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर एक बाई ठोकलेली. तोंडाच्या जागी नुसता गोळा. "हे तुही सवत. नवं लुगडं आलं तं पयले तिच्या आंगाले लावायचं. घास पयले तिचा. विसरली तं ते घेऊन जाईन."

काय घेऊन जाईल, ते तेव्हा कळलं नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्हीदा चौथ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी मी अजून उठूनही बसले नव्हते, तर सासूबाई दारातून म्हणाल्या, "घास चुकवला असशीन." एकदाही चुकवला नव्हता! तापात सुद्धा नाही.

त्या दिवशी हे आईपुढं उभे राहिले. "आता तिले एक सबद बोलायचा नाई." सारी आळी म्हणे, पुंजारामाला तोंड आहे हे आजच कळलं. आठ दिवसांत आम्ही गाठोडं बांधलं.

१३ डिसेंबर

धुकं. पुढच्या बाईची पाठ दिसत नव्हती. मी रांगेत एकटीच तोडत होते. पलीकडच्या अंगानंही कोणी तोडतंय असं वाटलं. पानं हलत होती. टोपलीत फळं पडल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "कोन वो बाई?" आवाज थांबला.

धुकं उठलं तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. झाडाला त्या अंगाची सगळी फळं तशीच होती.

यांना सांगितलं नाही. सांगून काय, जमुनेचं नाव निघालं की हे उठून बाहेर जातात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

टाक हरवला. दोरा कुजला असेल. दुपारी हात गळ्याशी गेला तर गळा मोकळा!

एक मन म्हणालं, बरं झालं, सुटले. दुसरं थरथरत होतं. आता तर ती घास मागणार नाही, सरळ नेईल. हे आले तेव्हा मी ओल्या पाचोळ्यात रांगत होते. शेजारी बसून पानं उलटायला लागले. टाक यांनाच सापडला. पण देईनात. मुठीत धरून बसले, अन् बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"बाजाराहून येत होतो. नदीत गाडी उलटली. माहा एक हात झाडाले, एक तिच्या मनगटाले. लय वेळ धरलं. मंग सुटलं." टाक माझ्या हातात ठेवून म्हणाले, "सुटलं का म्या सोडलं, मलेच माईत नाई दुर्गे."

झोपेत यांची उजवी मूठ वळलेली असते. सकाळी मी एकेक बोट उघडते. मला वाटायचं, कामानं असेल.

६ जानेवारी १९५९

दिवस राहून दोन महिने झाले. यांना अजून सांगितलं नाही. टाकाला मात्र सांगितलं. "जमुनाबाई, दोन नेलीस. एवढं राहू दे. पोरगी झाली तर तुझंच नाव ठेवते."

सवतीला लाच! अन् तीही मेलेल्या सवतीला.

१९ जानेवारी, सोमवार

मळ्यातली तोडणी संपली. खाली उतरलो. अचलपूरहून छोटी गाडी मूर्तिजापूरपर्यंत, तिथून मोठी. छोटी गाडी इतकी सावकाश की हे उतरून लघवीला जाऊन परत चढले. गाडीतच यांना सांगितलं. उठून मला खिडकीची जागा दिली.

पूल आला. खाली कुठलं पाणी होतं कोण जाणे. दोघांनीही पाहिलं नाही.

२४ जानेवारी. अकोला

यांना स्टेशनाजवळच्या गोदामात हमाली मिळाली, मला जिनात. यंत्राच्या तोंडात कापूस सारत राहायचं. सरकी खाली पडते, रुई पलीकडे उडते. आवाज एवढा की शेजारणीशी ओरडून बोलावं लागतं. दिवसभरात केस, भुवया, सगळं पांढरं. सुटी झाली की साठ म्हाताऱ्या बाहेर पडतात.

माझ्या शेजारच्या यंत्रावर भागीरथा म्हणून आहे. पस्तिशीची असेल. पहिल्याच दिवशी माझा पदर धरून मागे ओढला. "पट्ट्यात गेला तं मुंडकं जाईन! खोचून घे." मग दुपारी स्वतःचं मिरचीचं लोणचं वाढलं. माझ्याकडे एकदाच पाहिलं अन् विचारलं, "कितवा महिना?" मी म्हटलं, तिसरा. तेव्हापासून माझ्या वाटचे भारे तीच उचलते.

१ फेब्रुवारी, रविवार

आज घरी असूनही भागीरथेची आठवण आली. एकटी राहते. कुंकू लावते. नवरा कुठं विचारलं तर "हाये" म्हणते, पुढं काही नाही. माहेर सोडल्यापासून माझ्याशी इतकं चांगलं कोणी वागलं नाही. अकोल्यात आल्यापासून जमुना आसपास आहे असंही वाटत नाही. इथं बरं वाटतं असं यांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग इथंच राहू."

५ फेब्रुवारी, गुरुवार

जिनातल्या बायांनी दुपारच्या सुटीत हळदीकुंकू केलं. नवी म्हणून मला धरलं — नाव घे! एरवी यांचं नाव तोंडातून काढत नाही. पण सुटका नव्हती. घेतलं:

काळ्या मातीत कापूस, पांढरी फुटली बोंडं,
पुंजारामरावांचं नाव घेते, गोड करा तोंडं!

बाया हसल्या. भागीरथा हसली नाही. मला कुंकू लावायला तीच वाकली होती. बोट तसंच कपाळावर राहिलं. विचारलं, "सासर कोन्या गावचं तुहं?" मी म्हटलं, चांदूर बाजाराकडचं, पूर्णेकाठी. "सासूचं नाव?" माणिकबाई, म्हटलं.

तिनं तिळगूळ पदराच्या गाठीत बांधला, खाल्ला नाही. भोंगा व्हायच्या आधीच यंत्रावर जाऊन उभी राहिली.

६ फेब्रुवारी

भागीरथा आली नाही.

७ फेब्रुवारी

आजही नाही. माझ्या मनात जे येतंय ते लिहवत नाही. मेलेली माणसं लोणचं वाढत नाहीत.

९ फेब्रुवारी, सोमवार

आली. दुपारी मला सरकीच्या ढिगामागं घेऊन गेली. म्हणाली, "गळ्यात काय हाये, पाहू."

टाक काढून दिला. तळहातावर घेऊन किती तरी वेळ पाहिला. मग म्हणाली, "नाक तं काढलंच नाई मेल्यानं." अन् हसली. मला रडू फुटलं.

सगळं सांगितलं तिनं. दोन गावं खाली काठाला लागली. एका म्हातारीनं दोन दिवस शेकलं. "घरी जाचं म्हून उठली, तं पाय उचलेच ना. पाच वर्सं वांझ वांझ आयकलं. उपाशी निजवली मले. तो वाईट नव्हता वो. पन माय बोलली का खाली पायत बसे." अकोल्याकडे येणाऱ्या गाडीत बसली. नाव बदललं.

मी म्हटलं, "ते माझ्यासाठी आईशी भांडले." का सांगितलं? मला मिरवायचं होतं का? ती मग म्हणाली, "भांडला? बरं झालं." दोनदा म्हणाली.

मी हाताचं विचारलं. झोपेतल्या मुठीचं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"त्यानं नाई सोडला. त्यानं गच्च धरला होता. म्याच पिळून काढला."

घासाचं सांगितलं तर म्हणाली, "रोज काढते? तरीच माहं पोट भरेल रायते." मग माझ्या पोटावर हात ठेवला. "तुहे दोन लेकरं म्या नाई नेले, बाई. मी तं इथं कापूस सारून राहिली होती."

जाताना म्हणाली, उद्या खामगावला जाते, तिथं ओळख आहे. "त्याले सांगू नको. मले मेलीच राहू दे." तिनं टाक स्वतःच्या हातानं परत माझ्या गळ्यात बांधला. गाठ पक्की मारली. मी शब्द दिला.

१० फेब्रुवारी

तिच्या यंत्रावर दुसरी बाई.

दोन वर्षं जिचे पाय धरले ती जिवंत! मग माझी लेकरं कोणी नेली? इतके दिवस निदान नाव घ्यायला कोणी तरी होतं. आता रागही कोणावर काढू? सासूबाईंवर? त्या विहिरीवर, जिचं पाणी मी पोटुशी असताना शेवटपर्यंत ओढत होते? हे मनात आलं अन् भाकर तव्यावर जळाली.

एक वाक्य सांगितलं की यांची मूठ सुटेल — तुम्ही सोडलं नाही. पण त्याच पावली हे खामगावला जातील. मी ओळखते यांना. तिला आणतील, पाया पडतील. मग मी कोण? चौथा महिना लागलाय मला. शब्द दिला म्हणून गप्प आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटते म्हणून गप्प आहे.

सकाळी यांची बोटं उघडली नाहीत. तशीच राहू दिली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज ताटावर बसल्यावर यांनीच पहिल्यांदा घास काढला. चुलीपाशी ठेवला अन् हात जोडले. "जमुने, म्या सोडला तुहा हात. मले काय करायचं ते कर. पन हे लेकरू राहू दे."

मी घासावर थोडी भाजी वाढली.