आभाराच्या पाटीवरचं नाव

प्रिय पेच्चिमुत्तू,

पोस्टरवर तू आता ‘निलवन’ झालायस म्हणे. होऊ देत. मला ते नाव तोंडातून निघत नाही. शुक्रवारी तुझा पहिला पिक्चर लागला, आज बुधवार. नऊ वर्षं दर रविवारी सकाळी माझ्या ब्लॉगवर नव्या तमिळ पिक्चरबद्दल लिहून येतं. ताप असो, घरात लग्न असो, खंड नाही. या रविवारी पान कोरं गेलं. वाचकांनी खाली रांग लावलीय. “अक्का, आपल्या कोविलपट्टीच्या पोराचा पिक्चर, आणि तुम्ही गप्प?” एकानं तर लिहिलं, “अक्का जळतेय वाटतं!” जळतेच आहे मी, त्याचं काही चुकलं नाही.

दुसरं काहीतरी लिहून वेळ मारून न्यावी म्हटलं. विषयांना काय तोटा? गेल्या महिन्यातल्या एका पिक्चरमध्ये अख्खं गाव कोयते घेऊन धावतं, पोटापाण्याचं कोण बघतं ते शेवटपर्यंत कळत नाही. एकात सगळे विनोद भुताच्याच वाट्याला आलेत. एकात हीरो पहिल्या गाण्यात शंभर जणांना लोळवतो आणि शेवटी आपल्यालाच शहाणपण शिकवतो. दोन ओळी लिहायच्या, पुसायच्या. मग आमच्या गावच्या आगपेटीच्या कारखान्यावर लिहायला घेतलं, तेही पुसलं. कारण काहीही लिहिलं तरी अप्पा विचारणार, “पेच्चिमुत्तूचं कुठंय?” माझा प्रत्येक लेख ते मोठ्यानं वाचून घेतात. खरं लिहावं तर ते ऐकणार, खोटं लिहावं तर नऊ वर्षांची अब्रू जाणार.

तू गाव सोडलंस तेव्हा अप्पांचा एक डोळा शाबूत होता. आता दोन्ही गेले. अडतीस वर्षं थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या त्या पांढऱ्या झोतासमोर काढली, त्याची ही बक्षिसी. आपल्या थिएटरचं मंगल कार्यालय झालं, पण माणसाची हौस काही जाईना. मग मीच त्यांना घेऊन जाते आणि शेजारी बसून कानात सांगते, आता ती जिना उतरतेय, आता त्यानं चिठ्ठी फाडली. घरी आल्यावर मी तेच लिहून ठेवू लागले, त्याचा ब्लॉग झाला. तुझ्या पिक्चरलाही त्यांना असंच नेलं, पहिल्याच दिवशी, सकाळच्या खेळाला. अप्पा कमरेला नवी पांढरी वेष्टी नेसले होते. तिकीट फाडणाऱ्याला म्हणाले, “डायरेक्टर आमच्या घरचा आहे बरं का.” तो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरचा नाहीतर काय रे? दोन वर्षं आमच्याकडं जेवलास, केबिनमधल्या स्टुलावर बसून फुकट पिक्चर पाहिलेस. अप्पांना ‘मामा’ म्हणायचास, आणि ती हाक जावई होण्यापर्यंत जाणार हे अख्ख्या गल्लीनं धरून ठेवलं होतं. मीसुद्धा. त्याच स्टुलावरून बोलला होतास, “मामा, माझ्या पहिल्या पिक्चरच्या आभारात पहिलं नाव तुमचं.” शुक्रवारी ती पाटी आली. अप्पांनी माझं मनगट धरलं. मी वरून खाली वाचत गेले. तुझ्या लॉजचा मालक होता, बिर्याणीवाला होता, परोट्याचं दुकान होतं, कुत्रा भाड्यानं देणाऱ्याचंही नाव होतं. पाटी गेली. मी म्हटलं, “आलं अप्पा. सगळ्यांत वर.” त्यांनी विचारलं, “नावाआधीचं वडिलांचं इनिशियल?” मी म्हटलं, “‘मु’. बरोबर घातलंय.” त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत नीट सावरून बसले.

हे एवढंच असतं तर गिळलं असतं मी. पण मध्यंतरानंतर तुझ्या पिक्चरमधल्या थिएटरला आग लागते. दारू पिऊन घोरणारा म्हातारा ऑपरेटर, पेटलेली वेष्टी धरून नाचतो काय, आणि लोक हसून हसून लोळतात काय! आणि हीरो अनवाणी धावत येऊन सगळ्यांना वाचवतो. अनवाणी! चपला तेवढ्या बऱ्या आठवल्या तुला. आपल्या केबिनमध्ये खरंच वायर पेटली, पोस्टरच्या गठ्ठ्यानं पेट घेतला, तेव्हा चपला टाकून जिन्यावरून पळालं कोण? अप्पांनी खिडकी लावून घेतली, हातांनी आग विझवली आणि पंधरा मिनिटांत पिक्चर पुन्हा चालू केला. खाली सहाशे माणसं गेलेली वीज आली असं समजून शिट्ट्या वाजवत होती. अप्पांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधलेल्या हातांनी तुझ्या चपला तुला आणून दिल्या आणि आम्हाला बजावलं, “पोर आहे, घाबरलं. कुठं बोलायचं नाही.” आम्ही नाही बोललो. लाज नाही वाटली रे तुला?

मी अप्पांच्या कानात वेगळंच सांगत राहिले. ऑपरेटर आग विझवतोय. त्याचे हात भाजलेत. आता तो पिक्चर पुन्हा चालू करतोय. “मग लोक हसतायत कशाला?” अप्पांनी विचारलं. म्हटलं, खाली एकजण पाय घसरून पडलाय.  रविवारी अप्पा चहा घेऊन बसले, “वाच.” मी म्हटलं, नेट बंद आहे. सोमवारी बंद, मंगळवारी बंद.

आज सकाळी मात्र म्हणाले, “राहू दे ब्लॉग. त्याला पत्र घाल, मी सांगतो तसं लिही.” म्हणून हे पत्र, नाहीतर तुला एक ओळ लिहिली नसती. त्यांचा मजकूर असा: “पोरा, पिक्चर पाहिला. बरा आहे. वडिवुनं कानात सांगितला तो जास्त बरा होता.” माझा हात थांबला तशी म्हणाले, “लिही गं. आभाराची पाटी असते केवढीशी! नाव असतं तर दिसल्याबरोबर ओरडली असतीस. पाटीभर श्वास धरून बसली होतीस तू. आणि आग विझवणाऱ्याला कुणी हसत नसतं.” मग शेवटचं, “सुखी राहा म्हणावं.” त्यांचा आशीर्वाद पोचता केला. माझ्याकडून तुला काही नाही. काय लिहू हा प्रश्नही आता मिटला. या रविवारी त्यांच्या कानात सांगितलेला पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत ब्लॉगवर येईल, अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवीन. तुझं नाव त्यात कुठंही नसेल. वर आभाराची पाटी असेल, आणि तिच्यावर एकच नाव, इनिशियलसकट.

‘तुझीच’ लिहायला हात वळत नाही. म्हणून,

मु. शण्मुगवेल यांची मुलगी,
श. वडिवु