नक्की सुरू करायचं?

१६ सप्टेंबर, मंगळवार

हुश्श! माझ्या नव्या स्क्रीनवरचा आलेख पळाला एकदाचा. चार दिवस नुसता अडखळत होता — चाचणीचं टेबल इकडे थरथरतंय आणि रेघ येतेय चहा पिऊन! चूक माझीच. एकेक आकडा आला की सगळं चित्र नव्यानं काढायला लावत होते. आता आकडे साठवून एकदम काढते. बटणं, रकाने, आलेख — ही स्क्रीन बनवायची क्यूटी लायब्ररी सगळं तयार देते. फक्त तिच्या कलानं घ्यावं लागतं. अगदी माझ्यासारखी!

लॅबचे मालक उद्धवराव सर आज म्हणाले, “दसऱ्यापर्यंत टेबल चालवणाऱ्या विजयश्रीताई हा स्क्रीन वापरायला लागल्या तर ठेवू. नाहीतर जुनंच बरं.” स्क्रीन गेला की मीही गेले. माझं कंत्राट तेवढंच.

१९ सप्टेंबर

ताई ढुंकूनही बघत नाहीत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज बसल्या! गाड्यांचे पार्ट टेबलाला बांधून हलवून बघायचे, हे काम ताई नऊ वर्षं काळ्या खिडकीत कमांड टाइप करून करतायत. आज माझं ‘सुरू’ बटण दाबलं. लगेच चौकट आली — ‘नक्की सुरू करायचं?’

“दाबलंय म्हंजी नक्कीच की! घरी सासू इचारती, हितं तू.”

मला हसू आवरेना. चौकट काढून टाकली, बटण चांगलं मोठं केलं. दुपारनंतरचे सगळे पार्ट ताईंनी त्यावरच केले. निघोज्याला घरी जाताना म्हणाल्या, “बरं हाय गं.” मी आकुर्डीपर्यंत खुशीत.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. टेबलाला हार, वर नारळ, पेढ्यांचं ताट. बंद मशीनची पूजा करायची नाही, ही इथली रीत, म्हणून सगळं चालू. ताईंनी टेबलाला कुंकू लावलं, मग म्हणाल्या, “ह्याला का सोडायचं?” आणि ओलं बोट टेकवलं स्क्रीनला — नेमकं ‘सुरू’वर!

टेबल धडधडलं. नारळ खाली, पेढे चहूकडे, एक सरांच्या बुटावर. आम्ही हसून लोटपोट.

सर हसले नाहीत. “आत्ताच ताईंचा हात होता तिथं. हा स्क्रीन विचारत नाही का आधी?”

चौकट मी काढली, हे तोंडातून निघेना. भीतीच वाटली. “सोमवारी ठरवतो,” म्हणाले. सगळे गेल्यावर चौकट परत घातली.

६ ऑक्टोबर, सोमवार

राहिले! सर म्हणाले, “स्क्रीनचा दोष नव्हता, कळलं मला. तुम्ही राहा, वर्षभर.” आईला फोन केला, ती रडलीच. चाकणहून पेढे आणले. पहिला ताईंना द्यायचा होता, पण त्या आज आल्याच नाहीत. बरं नसेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ताईंना फोन केला. “मीच सांगितलं सरांना — स्क्रीननं इचारलं हुतं, तरी गंमत म्हणून मुद्दाम दाबलं. पंधरा दिस घरी बस म्हणले. बसते की! तुझं नवं हाय, तू गप ऱ्हा.”

सर अजून केबिनमध्ये आहेत. चौकटीचं सांगायला चाललेय.