आक्का, तुमचं निवळलेलं पाणी ओतून दिलं

प्रिय आक्का,

तुम्ही गेलात हे अजून खरं वाटत नाही. मघाशी सुमीला पाणी पाजलं, तिनं ते उलटून टाकलं नाही, आणि मी तशीच वळून हाक मारली, "आक्का, तुमच्या पोरीनं ठेवलं बगा पोटात!" ओ कोण देणार? म्हणून लिहायला बसले. चार बुकं शिकलेल्या धाकट्या जावेला "मास्तरीण" म्हणून चिडवायचात ना? घ्या आता वाचायला!

झालं तरी काय, आक्का? परवा सकाळी मला आजारी पोरीपाशी बसवून तुम्ही परसात सरपण काढायला गेलात. पुरानं बिळातून बाहेर पडलेलं जनावर त्या लाकडांत बसलं होतं. "चावलं गं हौसे," एवढंच म्हणालात. गाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं. धडधाकट बाई अशी कशी जाते हो? तुमचे मालक तिकडं लढाईवर. त्यांना तार केलीय, पोचली का देव जाणे.

पण मी हादरले ती त्यानंतर. तुम्हाला ओसरीवर निजवलंय, मी तुमचे पाय धरून बसलेय, आणि शेजारच्या बायका आत जाऊन घरातलं भरलेलं पाणी अंगणात ओततायत! मयत झालं की साठवणीचं पाणी ठेवत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण ते सुमीचं पाणी होतं! नदी लाल, आडात पूर शिरलेला, पोरगी उलट्या-हगवणीनं चिंधी झालेली. तिच्यासाठी तुम्ही पहाटे तुरटी फिरवून निवळून ठेवलेलं पाणी ते. तुम्ही वडूजच्या दुष्काळी मुलखातल्या, थेंब सांडला तरी जीव तुटायचा तुमचा. मी किंचाळले तेव्हा शेवटची घागर पालथी झाली होती.

तुम्हाला नेलं आणि मी नदीवरून हंडा आणला. तुरटी फिरवली, फिरवली, हात भरून येईतो फिरवली. गाळाचे पुंजके धरायचे आणि माझ्याच हातानं फुटायचे. पाणी होतं तेवढंच गढूळ!

तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. "आदी जोरात फिरव, मग हळू, आन् मग हात काड. मातीला मातीशी चिकटू दे. जड झाली की आपसूक बसतीया खाली." किती राग यायचा मला! हंड्याला बोट लावू द्यायचा नाहीत, म्हणजे सासूच्या वरताण झालात की! एवढी घाई कुठली होती हो? आणखी एक पावसाळा तरी शेजारी बसवून शिकवायचं होतंत.

दुसऱ्या हंड्याला तसंच केलं आणि हात पदरात गुंडाळून बसले. नासल्या दुधासारखे बारीक पुंजके दिसले, एकमेकाला धरून मोठे झाले, खाली बसले. वरचं पाणी अलगद काढून दुहेरी फडक्यातून गाळलं. लख्ख दिसत होतं. पण दिसायला लख्ख झालं तरी उकळल्याबिगर पोरीला द्यायचं नाही, हा दंडकही तुमचाच. आणि घरात तर चूल पेटवायची नव्हती!

मी पेटवली. चुलत सासूबाई धावत आल्या. "आगं, मानसं अजून नदीवरनं आली न्हाईत, आन् चूल पेटवतीस? लाज हाय का न्हाई?"

"आवं, एक गेली. दुसरी बी घालवू व्हय?"

त्या चुलीपुढं येऊन बसल्या. त्यांनीच माझ्या हातातली फुंकणी घेतली.

तेव्हापासून चमच्या-चमच्यानं पाजतेय. आज सुमी फुलपात्रभर प्यायली आणि डोळे उघडून म्हणाली, "आईनं निवळलंय?"

माझ्या तोंडून "व्हय" निघून गेलं.

"मग पाजाय तू का आलीस, काकी?"

आक्का, मी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिला थोपटलं. पोरीला कुणी काही सांगितलेलंच नाही! तिला आपलं वाटतंय तुम्ही परसात आहात.

शब्द देते तुम्हाला. ती उठून बसली की मीच तिला मांडीवर घेऊन सांगेन. गल्लीतल्या कुणाच्या तोंडून कळू देणार नाही. रडेल तेवढी रडू देईन, गप्प बस म्हणणार नाही. आणि रडून घसा सुकला की पाणी पाजीन.

तुमचीच धाकटी जाऊ,
हौसा
उंब्रज