वाटी थांबेपर्यंत

अमदाबाद,
१९ जानेवारी

पूज्य बा,

पायांना हात लावून जय श्रीकृष्ण. इकडे सगळं ठीक. तुमच्या लेकाला दवाखान्याची खिचडी गोड लागते ती तुमच्या गुंद्याच्या लोणच्यामुळे. उत्तरायणाचे पतंग अजून समोरच्या तारांना लटकलेत.

फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, वर स्पीकर लावून अख्ख्या आळीला ऐकवता, म्हणून लिहितेय. रविवारी जीप करून सगळे दवाखान्यात झरणाला बघायला, खबर काढायला येणार म्हणे. बा, येऊ नका. हे तुमच्या लेकानं सांगायचं, पण ते मूग गिळून बसलेत.

"खबर काढायला गेलो नाही तर लोक तोंडात शेण घालतील!" तुम्ही म्हणणारच. घालू देत. मागच्या खेपेला काय झालं? फैबा "आत्याला एक पापी दे" म्हणत गालाला झोंबल्या. मामाजींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मीठ-मिरची ओवाळलीत आणि तिला छातीशी धरलंत. मायेनंच धरलंत, मला का कळत नाही? पण आपल्या झरणाला अशी माया भाजते हो. नऊ वर्षं सांगतेय. तिनं हातातली सुई उपटली, पलंगभर रक्त. तुम्ही सगळे खाली चहाला गेलात, तेव्हा वर तिचे हात बांधले, बा.

त्याआधी लिसी सिस्टरनं तिला किती जपून आपलंसं केलं होतं! दिवा मंद करायची. झरणानं वाटी गरगर फिरवली की ती पुरती थांबेपर्यंत सुईला हात लावायची नाही. मग पोर आपणहून हात पुढे करायची. आता सिस्टर दिसली की पलंगाखाली शिरते. काल ती बिचारी नुसती दारात बसून राहिली. म्हणाली, "मला घाई नाही, दक्षाबेन."

मला आहे. वर 'सगळं ठीक' लिहिलं ती सवय. औषध आता लागू पडत नाही. डॉक्टर म्हणाले, होळी पाहिली तरी खूप.

ती वाटी तुमचीच. दिवाळीत झरणानं तुमच्या फडताळातून उचलली म्हणून तुम्ही ओरडला होतात, तीच. तिच्यावर कोरलेल्या तुमच्या नावावरून, 'हीराबा'वरून, बोट फिरवत झोपते.

माणूस गेल्यावर बेसण्याला आपल्याकडे सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात, गप्प बसतात, गप्प उठतात. कुणी पापी मागत नाही. बापूजींच्या वेळी तुम्हाला तसं बसलेलं पाहिलंय मी. बाकीच्यांना तेव्हाच येऊ दे. तुम्ही एकट्या बसनं या, आत्ता, ती आहे तोवर. दारात सिस्टरशेजारी बसा. बोलू नका, हात लावू नका, वाटी थांबेपर्यंत.

तिनं हात पुढे केला तर तुमचा. नाही केला, तर तिच्यावर रुसू नका.

वाट पाहतेय.

तुमची सून,
झरणाची आई