उशिरा येणाऱ्यांसाठी चाल

पुणे,
१२ जानेवारी २०२५

ती. दीनाआत्यास,
एडविनचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू निम्मा वेळ कोंबड्या हाकलत असतेस, म्हणून मुद्दाम लिहितोय. तुझ्या सुगीच्या गाण्याला चाल लावली आणि मोबाईलवर पाठवलीये. 'तुझेच दाणे, तुझ्याच दारी' हे शब्द फार आवडले. शाळेतून निवृत्त होऊन तू कवयित्री होशील असं वाटलं नव्हतं!

इथे आम्हा मित्रांचा रोज वाद चालतो, कुठलं संगीत करायला सगळ्यांत अवघड. एकाच्या मते जॅझ, दुसऱ्याच्या मते बंदिश. मी म्हणतो वाद्यवृंद. तीस वाद्यं एकदम सांभाळायची म्हणजे खायचं काम नाही. तुझ्या गाण्यातही मी साडेसात मात्रांचा ताल घातलाय. बघच, पारनेर तालुका हादरेल.

एक मात्र गंभीर आहे. पप्पांनी सुप्याच्या एमआयडीसीत माझ्यासाठी नोकरी बघून ठेवलीये. त्यांचं म्हणणं, ज्याची चाल आपल्याच चर्चच्या मंडळीला म्हणता येत नाही त्यानं संगीताचा नाद सोडावा. सुगीच्या उपासनेत हे गाणं मंडळीनं म्हटलं नाही तर नोकरी धरेन, असं मी रागाच्या भरात कबूल करून बसलोय. आता जीव टांगणीला लागलाय.

तुझा लाडका (असं तूच म्हणतेस),
एडविन


खडकमळा, ता. पारनेर,
२७ जानेवारी २०२५

चि. एडविनास,
आत्याचे अ. आ.

आधी चांगलं सांगते. चाल सुरेख आहे. भाकरी थापता थापता ऐकत बसले आणि भाकरी करपवली.

आता खरं सांगते. काल उपासनेत म्हणून बघितली आणि पार फज्जा उडाला. अरे, आपल्याकडे कागद हातात धरून कोण गातं? मी एक ओळ म्हणते, मंडळी मागून म्हणते, तशीच गाणी शिकत आलो आपण. तुझी ओळ एवढी लांब की मागचे लोक श्वासालाच थांबले, आणि पहिली संपायच्या आत दुसरी सुरू! अँड्र्यूनं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. लंकाबाईंनी विचारलं की पोरगं आजारी हाय का. मला आधी हसू आलं आणि मग रडूच फुटलं रे, कारण नेमका काल तुझा बाप केडगावहून आला होता.

रुसू नकोस. आपल्या मंडळीत निम्मे लोक उशिरा येतात. कुणी गोठ्यातून, कुणी पिकाला पाणी देऊन. दारात चपला काढता काढता माणसाला दुसऱ्या ओळीला आत शिरता यावं, अशी चाल कर. लंकाबाईंचा सकाळचा आवाज खालचा असतो, तो धर. सुगीची उपासना मार्चच्या पहिल्या रविवारी आहे.

जेवतोस ना वेळेवर?
तुझी आत्या


पुणे,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस फुगून बसलो होतो. मग कामाला लागलो आणि पुरता हैराण झालो. साधी चाल करायला गेलो की बाळबोध होते, जरा सजवली की लंकाबाईंना दम लागलेला दिसतो. तीस वाद्यांच्या गोंधळात एखादी चूक खपून जाते गं, इथे लपायला जागाच नाही. मित्र विचारतात, एवढं काय करतोयस? सांगितलं तर हसतात.

नवी चाल पाठवलीये. ही चांगली आहे की नाही, मला खरंच कळत नाही. मी उपासनेला येणार नाही. पप्पांच्या शेजारी बसून मंडळी गप्प राहिलेली बघायची हिंमत माझ्यात नाही.

काही झालं तरी लपवू नकोस.
तुझा,
एडविन


खडकमळा,
४ मार्च २०२५

चि. एडविनास,
अ. आ.

यायला हवं होतंस, गाढवा! वेदीपुढे ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं मांडलं होतं. मी पहिली ओळ म्हटली आणि मंडळी मागून आली. उशिरा आलेले दारातूनच गात आत शिरले. दुसऱ्या कडव्याला मला ठसका लागला, तरी गाणं थांबलं नाही. अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला, भोपळ्यावर बोली चढत होती, आणि मागे पोरं तुझंच गाणं म्हणत होती.

आता वाईट बातमी. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं की चाल आमच्या एडविनची. लंकाबाई उसळल्याच. म्हणाल्या की हे गाणं लई जुनं हाय, त्यांच्या आईच्या तोंडात हुतं, पोरानं कुठनंतरी उचललं असंल. अरे, शब्द मीच दिवाळीनंतर लिहिले, असं सांगितलं तर मलाच वेड्यात काढलं. सगळ्या बायका त्यांच्या बाजूच्या. तुझं नाव गेलं ते गेलंच, बाबा.

तुझा बाप हे सगळं ऐकत होता. उठून अंगणात गेला आणि सुप्याच्या त्या नोकरीवाल्यांना फोन लावला. पोराला यायला जमणार नाही, त्याला काम आहे, एवढंच सांगितलं. मग आत येऊन लंकाबाईंपुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला की तुमच्या आईचं ते गाणं मला जरा शिकवा.

आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
दीनाआत्या