लाल शाई आणि गंगापूरचं स्थळ

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

ती. नाना यांस,
श्रेयाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. सोबत माझं मागचं पत्रही लाल शाईत न्हाऊन परत आलं. दहापैकी सहा! सख्ख्या पुतणीला सहा गुण देताना हात कसा नाही थरथरला हो तुमचा? कानाला यंत्र लावून घ्या म्हणून तुमचे धाकटे भाऊ, आमचे दादा, किती मागं लागलेत. लावलं असतं तर फोनवर बोलणं झालं असतं आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची अब्रू वाचली असती. पण तुम्हाला यंत्र नको, पत्र हवं. निवृत्त झाल्यापासून तपासायला दुसरं काही उरलं नाही, हे मला काय ठाऊक नाही?

आता क्लासचं. चंपाबाईंच्या पिठाच्या गिरणीवरचा हॉल चांगला लाभला. वाळूजच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटली की मंडळी येतात. सगळी गोरखपूर, छपरा तिकडची, म्हणून इंग्रजी मी हिंदीतून शिकवते. सध्या विभक्ती चालू आहे: he, him, his. रामसजीवन नावाचे वेल्डर आहेत. त्यांनी परवा सोबत काम करणाऱ्या जोडीदारासाठी सुपरवायझरला चिठ्ठी लिहिली की मुन्नीलाल येणार नाही, her mother आजारी आहे. झालं! मुन्नीलाल बाई कधी झाला म्हणून अख्खा कारखाना हसला. वर्गात मुन्नीलाल तोंड फुगवून बसले होते.

चूक त्यांची नाही हो. 'उसकी माँ' मधली 'की' आईकडं बघून आलेली असते, आणि 'उस' म्हणजे तो की ती, हे हिंदी सांगतच नाही. आपण 'त्याची आई', 'तिची आई' म्हणतो, म्हणून आपल्याला हा खड्डा दिसतच नाही. आता मी रोज तेवढंच घोटून घेते: आई कुणाची ते आधी बघा, मग his की her ते ठरवा. फुलमती म्हणून पॅकिंगला जाणारी एक बाई आहे, तिला हे सगळ्यांत आधी उमगलं. घरी गेल्यावर नवऱ्यालाही शिकवते म्हणे. तो वैतागतो, ही हसते.

आईला सांगा, भाकरीचं पीठ संपलं नाही अजून. लोभ आहेच तुमचा. शाई तेवढी जरा कमी असू द्या.

तुमची,
श्रेया

---

कन्नड
१९ जानेवारी २०२५

चि. श्रेया हीस,
नानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. या खेपेला सात गुण. 'वैतागतो' बरोबर लिहिलंस म्हणून एक वाढवला.

बाकी तुझ्या क्लासचं काय सांगावं! छत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, पण हिंदीतून शिकवायची अवदसा कधी आठवली नाय. बांधावर काठी मारली तर चार पोरं गोळा होतील आपल्या कन्नड गावात, त्यांना शिकव की. ती वेल्डर मंडळी दिवाळीला गावी जातील ती तिकडंच राहतील. मुन्नीलालची आई कुणाची का असेना, आपल्याला काय करायचंय? एवढी एम.ए. झालीस ती गिरणीच्या डोक्यावर बसून 'का, के, की' करायला व्हय?

मुद्द्याचं लिहितो. गंगापूरकडून स्थळ आलंय. साहेबराव म्हणून मोठे बागाईतदार आहेत, आणि स्वतःची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. फाटकावर सिंह बसवलेत दोन्ही बाजूंना. मुलगा इंद्रजीत, शाळेचा कारभार बघतो. तुझ्यासारखी इंग्रजीची मुलगी त्यांना दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाय, असं मध्यस्थ बन्सी म्हणाला. शाळा म्हटल्यावर माझा जीव हरखला बघ. तू सव्वीस पुरी केलीस. तुझी आई रोज माझ्याकडं बघून उसासे सोडते, जणू नवरदेव मी कपाटात लपवून ठेवलाय.

रविवारी मुलगा तिकडं येतोय, भेटून घे. चांगलं बोल. त्याचं इंग्रजी सुधारायला जाऊ नको.

आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर कळव.

नाना

---

पुंडलिकनगर
२ फेब्रुवारी २०२५

ती. नाना यांस,
श्रेयाचा नमस्कार, वि. वि.

भेटले. निराला बाजारात कॉफी प्यायला गेलो. दिसायला बरे आहेत, खोटं कशाला बोलू. हसतातही छान. पहिली दहा मिनिटं मला वाटलं, चला, नानांनी आयुष्यात एक गोष्ट नीट निवडली.

मग मी विचारलं, लग्नानंतर मी क्लास चालू ठेवला तर चालेल ना? म्हणाले, पप्पांना विचारून सांगतो. राहायचं गंगापूरला की इथं? पप्पांना विचारून सांगतो. मग मी नुसतीच खोडी काढली, कॉफीत साखर किती घेता? त्यावरही बिचारे क्षणभर फोनकडं बघत राहिले. शेवटी निघताना हळूच म्हणाले की पप्पांना ते भय्या लोकांचं काही आवडणार नाही. घरच्या शाळेतच शिकवायचं, आणि घरचंच म्हटल्यावर पगार वगैरे बोलायचं नसतं.

नाना, मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन रडले. हा क्लास मी कुणाच्या शिफारशीशिवाय उभा केलाय. पत्रकं मी वाटली, फळा मी रंगवला. वर्गात उभी राहिले की मला माझीच ओळख पटते. तो सोडायची अट असेल तर मला हे स्थळ नको. एवढं स्पष्ट त्यांना कळवा. तुम्ही मोठे आहात, तुमच्याकडून गेलं तर बरं दिसेल.

रागावू नका. रागावलात तरी जेवण वेळेवर करा.

तुमची,
श्रेया

---

कन्नड
११ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेया हीस,
आशीर्वाद वि.

तुझं पत्र यायच्या आधीच इकडं गोंधळ उडाला होता. आता तूच न्याय कर.

साहेबरावांनी मुलाचा बायोडाटा पाठवला. इंग्रजीत, चकचकीत कागदावर, वर सोनेरी गणपती. त्यात चिरंजीवांबद्दल लिहिलं होतं, Her father is Chairman. खाली, Boy is having him own car. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. नंतर मला काय झालं ते देवालाच ठाऊक. हातात लाल पेन होतं, सवयीनं चालवलं. दहापैकी तीन गुण दिले, खाली 'पुन्हा लिहून आणावे' असा शेरा मारला, पाकिटात घातलं आणि ज्याचं त्याला परत पाठवलं. छत्तीस वर्षं तपासलेली वही ज्याची त्याला परत केली मी. मुलीकडचा मी आहे हे पोस्टाच्या पेटीत पाकीट पडल्यावर आठवलं.

चौथ्या दिवशी दोन गाड्या दारात. साहेबराव लालबुंद. बायोडाटा त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहिलेला निघाला! बन्सीनं मध्ये पडून तडजोड काढली, मी लेखी माफी द्यायची. श्रेया, मी दिली. हेडमास्तरांपुढं कधी वाकलो नाय, पण तुझ्या लग्नासाठी फाटकावरच्या दोन सिंहांपुढं वाकलो. मग त्यांनी शाल-नारळ दिला, आम्ही घेतला. तुझे दादा नेहमीप्रमाणं मान हलवत बसले होते.

क्लासचं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मुलगी ऐकेल. तू ऐकशील ना? पाडव्याला साखरपुडा धरलाय. एवढा मान घालवून आणलेलं स्थळ आहे, हट्ट करू नको.

सुखी राहा, आणि ऐक.

नाना

---

पुंडलिकनगर
२४ फेब्रुवारी २०२५

ती. नाना यांस,
नमस्कार.

बायोडाट्याचं वाचून मी पोट धरून हसले. तीन गुणही जास्तच दिलेत. तेवढं हसणं तुमच्या खात्यावर जमा. आता पुढचं वाचा, आणि लाल पेन खाली ठेवून वाचा.

काल चंपाबाईंनी मला खाली बोलावलं. त्यांच्या हातात तुमचं पत्र होतं. मुलीचं लग्न ठरलंय, हॉल महिनाअखेर रिकामा करून देत आहोत, कळावे. खाली तुमची वळणदार सही. नाना, हॉल माझ्या नावावर घेतलेला आहे. मला न विचारता? चंपाबाईंनी माझं अभिनंदन केलं आणि पेढे कधी म्हणून विचारलं. मी पायरीवर उभी, मागं मुन्नीलाल वही घेऊन उभे. मला इतकी लाज वाटली की वर जाऊन मला शिकवताच आलं नाही.

तुम्ही शाल घेतलीत, नारळ घेतलात, माझ्या वतीनं होकारही देऊन टाकलात. साहेबराव मला पगाराशिवाय नेणार होते, तुम्ही तर मला विचारल्याशिवायच देऊन टाकलंत. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक एवढाच की तुमचं इंग्रजी चांगलं आहे.

आज सकाळी मी स्वतः साहेबरावांना फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, असा नकार मुलीनं नाही द्यायचा, मोठ्यांकडून येऊ दे. मी म्हणाले, हॉल माझा, क्लास माझा, लग्न माझं, नकारही माझाच. मागून इंद्रजीत काहीतरी पप्पा, पप्पा करत होते.

या पत्राला गुण देऊ नका.

श्रेया

---

कन्नड
३ मार्च २०२५

चि. श्रेया हीस,
आशीर्वाद. घ्यायचे असतील तर घे.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं पोरीनं सुनावलं, मला इतकी वर्षं जमलं नाय.

काल गंगापूरला जाऊन आलो. शाल घडी करून नेली. नारळाची तुझ्या आईनं चटणी केली होती, तेव्हा बाजारातून नवा घेतला, आधीच्यापेक्षा मोठा. साहेबराव बरंच काही बोलले. मुलीचं वय, आमची लायकी, मास्तर लोकांची अक्कल, सगळं काढलं. मी कानामागं हात धरून प्रत्येक वेळी 'काय म्हणालात?' विचारत राहिलो. पाचव्या वेळी ते दमले. बहिरेपण आयुष्यात एकदा उपयोगी पडलं. इंद्रजीतला पाणी मागितलं, तर त्यानं आधी वडिलांकडं बघितलं. तहानलेलाच उठलो.

पोरी, चुकलं माझं. शाळेचं फाटक बघून मी आत काय चाललंय ते बघितलंच नाय. आणि तुझा क्लास तर मी फाटकसुद्धा न बघता मोडायला निघालो. चंपाबाईंना दुसरं पत्र टाकलंय, हॉल सोडायचा नाय म्हणून. सोमवारच्या एसटीनं येऊ का? तू म्हणशील तसं.

नाना

---

पुंडलिकनगर
१२ मार्च २०२५

ती. नाना यांस,
नमस्कार वि. वि.

तुमचं दुसरं पत्र उशिरा पोचलं. पहिल्या पत्रावरच चंपाबाईंनी हॉल ब्यूटी पार्लरला देऊन टाकला होता, मी सोडत नाही म्हणाले तोवर आगाऊ पैसेही घेतले होते, त्या तरी काय करणार? आता त्यांच्याच गच्चीवर वर्ग भरतो. फळा रामसजीवननी खांद्यावरून चढवला. मार्चच्या उन्हानं गच्ची संध्याकाळपर्यंत तापलेली असते, पण बसतात बिचारे चपला खाली घेऊन.

सगळे नाही आले. फुलमती नाही आली. उघड्या गच्चीवर परक्या पुरुषांत पाठवणार नाही, म्हणाला नवरा. इतके दिवस हॉल होता, दार होतं, म्हणून चालत होतं. वर्गात सगळ्यांत हुशार ती. तिच्या जागेकडं बघितलं की मला अजून तुमचा राग येतो, नाना. तुमच्यावर जीव आहे म्हणून तर एवढा येतो.

येऊ का विचारलंत. या. पण काका म्हणून मायेनं डोक्यावर हात ठेवायला येणार असाल तर नको, मला मास्तरची गरज आहे. सकाळच्या शिफ्टवाल्यांची दुसरी बॅच सुरू करायची आहे आणि मी एकटी पुरत नाही. शिकवायचं हिंदीतून, पगार नाही, आणि वर्गाची प्रमुख मी आहे. माझ्या वर्गात माझं चालेल. जमत असेल तर रीतसर अर्ज करा.

आईला नमस्कार, दादांनाही. मान हलवणं पुरे म्हणावं.

श्रेया

---

कन्नड
१७ मार्च २०२५

मा. वर्गप्रमुख,
श्रेयाताई यांस,
सा. न. वि. वि.

अर्ज करतो की, आपल्या गच्चीवरील वर्गात इंग्रजी शिक्षकाची जागा रिकामी असल्याचे समजले. अर्जदार वय वर्षे चौऱ्याहत्तर, अनुभव भरपूर, स्वभाव खराब. हिंदी बेताची आहे. 'उसकी माँ'ची भानगड अर्जदाराला आयुष्यात कुणी सांगितली नव्हती, ती आपल्या हाताखाली राहून शिकण्याची तयारी आहे. आपण सांगाल ते, सांगाल तसे शिकवीन. कानाला यंत्र कालच बसवून घेतले आहे, कारण वर्गात विद्यार्थी काय विचारतात ते ऐकू यायला हवे.

फुलमतीबाईंच्या घरी मी पहिल्याच दिवशी जाणार आहे. त्यांच्या यजमानांना सांगणार आहे की हॉल गेला तो माझ्या एका पत्राने, त्यात त्यांच्या बायकोचा काही दोष नाही. गच्चीला चारही बाजूंनी कनात लावून देतो, दाराशी मी स्वतः बसतो, पण बाईंना पाठवा. त्यांनी हाकलले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.

फुलमतीबाई वर्गात येऊन बसेपर्यंत मला कायम करू नये, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
नानासाहेब